पीली, ब्लिंकी, कॅटलिना

अमेरिकेत वाणसामानाची कुपनं जमवणाऱ्यांची एक वेगळीच बोली आहे. तिच्या मुळाशी कात्री आहे. फ्रेंचमध्ये ‘कुपे’ म्हणजे कापणे. कर्जरोख्याच्या कडेला चौकोन छापलेले असत. व्याजाची तारीख आली की एक कापून द्यायचा आणि पैसे घ्यायचे. हा तुकडा म्हणजे कूपन. १८८०च्या दशकाअखेरीस अटलांटात कोका-कोलाने एका फुकट पेल्याच्या चिठ्ठ्या वाटल्या आणि कूपन पेढीवरून सोड्याच्या दुकानात आलं.

पुढचे शब्द गिऱ्हाइकांनी घडवले, आणि मला त्यांचंच कौतुक जास्त. पुड्यावर चिकटवलेलं, सोलून काढायचं ते ‘पीली’. फळीवरच्या लुकलुकत्या दिव्याच्या यंत्रातून ओढून घ्यायचं ते ‘ब्लिंकी’. बिलाबरोबर गल्ल्यापाशीच छापून मिळतं ते ‘कॅटलिना’. हे नाव त्या यंत्रांच्या कंपनीचं. पण आज काय घेतलंत ते ओळखून पुढच्या खेपेचं कूपन छापायचं, तर गल्ल्यावर बारकोड वाचणारं यंत्र हवं. ते पहिल्यांदा चाललं २६ जून १९७४ रोजी, ओहायोतल्या ट्रॉय गावी, च्युइंगमच्या एका पाकिटावर.

सवलतीचा माल संपला तर दुकानदार ‘रेनचेक’ लिहून देतो: माल आला की याच भावात न्या. हा शब्द बेसबॉलच्या मैदानावरचा. पावसाने सामना बुडाला की प्रेक्षकाला पुढच्या सामन्याची चिठ्ठी मिळे.

एक जुनी खूण मात्र कुपनाच्या तळाशी बारीक अक्षरांत असते: ‘रोख मूल्य १/१०० सेंट’. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दुकानं खरेदीच्या प्रमाणात तिकिटं देत. ती वहीत चिकटवायची, वही भरली की भांडंकुंडं घ्यायचं. या तिकिटांचा खर्च शेवटी मालाच्या भावातच चढतो, ही तक्रार वाढली. मग काही राज्यांनी कायदा केला की तिकिटावर रोख किंमत छापा आणि मागेल त्याला ती द्या. कूपनही या कायद्याच्या कचाट्यात सापडू नये म्हणून उत्पादकांनी जवळपास शून्य किंमत छापायला सुरुवात केली. एका ओळीत केवढा झगडा मावला आहे!

तुमचं कोणी तिकडे असेल, तर एखादं जुनं कूपन जपून ठेवायला सांगा. सवलतीची मुदत संपली तरी ती तळाची ओळ वाचण्यासारखी आहे.