ऑर्किडच्या ऊतिसंवर्धनातील वनस्पतिजन्य पूरके : एक ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक

शोभिवंत फुलांच्या ऊतिसंवर्धनात पोषक माध्यमातील क्षार, शर्करा, जीवनसत्त्वे व संजीवके यांच्या मात्रा मिलिग्रॅमपर्यंत काटेकोरपणे दिलेल्या असतात. या यादीच्या अखेरीस मात्र पुष्कळदा नारळपाणी, केळ्याचा गर अथवा बटाट्याचा अर्क यांची नोंद आढळते. ज्यांची रचना पूर्णतः निश्चित नाही असे पदार्थ या यादीत कसे आले व आजही का टिकून आहेत, हा प्रश्न तंत्राइतकाच विज्ञानाच्या इतिहासाचाही आहे. ऑर्किडच्या संदर्भात त्याचा परामर्श घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. ऑर्किडचे बीज व कृत्रिम माध्यम

ऑर्किडचे बी धुळीच्या कणासारखे सूक्ष्म असून त्यात भ्रूणपोष नसतो. निसर्गात कवकाच्या साहचर्याशिवाय ते रुजत नाही, हे फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ नोएल बर्नार यांच्या १८९९ मधील निरीक्षणातून पुढे आले. १९२२ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील ल्युइस नडसन यांनी क्षार व शर्करा असलेल्या अगर माध्यमावर कवकाविना बीजांकुरण घडवून आणले. कवकाचे अंकुरणातील कार्य प्रयोगशाळेत शर्करेकडून करून घेता येते, हे त्यामुळे सिद्ध झाले.

२. नारळपाण्याचा प्रवेश

१९४१ मध्ये व्हॅन ओव्हरबीक, कॉन्क्लिन व ब्लेक्सली यांनी धोतऱ्याच्या अतिकोवळ्या भ्रूणांच्या वाढीसाठी नारळाच्या द्रवाचा यशस्वी उपयोग केला. १९४८ मध्ये कॅपलिन व स्टुअर्ड यांनी गाजराच्या ऊतीवर त्याचा प्रभाव दाखविला. इंग्रजी शोधनिबंधांत या द्रवास ‘कोकोनट मिल्क’ म्हटले आहे. त्याचे शब्दशः ‘नारळाचे दूध’ असे भाषांतर केल्यास खोबरे वाटून पिळलेला रस असा अर्थ होतो. येथे अभिप्रेत असलेला पदार्थ म्हणजे नारळातील पाणी, अर्थात द्रवरूप भ्रूणपोष होय. वाढत्या भ्रूणाचे पोषण करण्यासाठीच तो निर्माण झालेला असतो. भ्रूणपोषविरहित ऑर्किडच्या संवर्धनात त्याचा वापर रूढ व्हावा, हे म्हणूनच अर्थपूर्ण ठरते.

३. अर्काकडून रेणूकडे

अशा मिश्रणांतील नेमका कार्यकारी घटक कोणता, या प्रश्नाने ऊतिसंवर्धनशास्त्राला गती दिली. फिलिप व्हाइट यांनी १९३४ मध्ये टोमॅटोची मुळे यीस्टचा अर्क घातलेल्या माध्यमात सातत्याने वाढविली. पुढील काही वर्षांत त्या अर्काची जागा थायमिनसारख्या ज्ञात जीवनसत्त्वांनी घेतली. सायटोकायनिन गटातील झिएटिन हे संजीवक लेथम यांनी १९६३ मध्ये मक्याच्या कोवळ्या दाण्यांतून वेगळे केले. नारळपाण्यातील झिएटिन रायबोसाइडचा उलगडा १९७४ मध्ये झाला.

या मालिकेतील सर्वांत बोधप्रद उदाहरण मुराशिगे व स्कूग यांचे आहे. तंबाखूच्या पानांचा अर्क घातल्यावर ऊतीची वाढ लक्षणीयरीत्या वाढते, असे त्यांना आढळले. अर्कात एखादे अज्ञात संजीवक असावे, असे वाटणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात वाढीचा बहुतांश भाग अर्कातील अजैविक क्षारांमुळे होत होता. त्या शोधातून सिद्ध झालेले १९६२ चे ‘एम. एस.’ माध्यम आज जगभर वापरले जाते.

४. पूरके टिकून राहण्याची कारणे

शुद्ध संजीवके उपलब्ध झाल्यावर ही पूरके मागे पडतील, अशी अपेक्षा होती. परंतु जॉर्ज मोरेल यांनी १९६० मध्ये सिम्बिडियमच्या प्ररोहाग्रांपासून विषाणुमुक्त रोपे मिळविल्याचे प्रसिद्ध केले आणि ऑर्किडच्या व्यापारी गुणनाचा मार्ग खुला झाला. मोठ्या प्रमाणावर रोपे तयार करताना स्वस्त व सहज मिळणारे पदार्थ सोयीचे ठरले. जोसेफ आर्डिटी यांनी १९६८ मध्ये केळ्याचा गर व त्याचे अर्क यांवरील ऑर्किडच्या वाढीचा अभ्यास प्रसिद्ध केला. अशा पूरकांतून शर्करा, पोटॅशियम, अमिनो आम्ले व संजीवके एकत्रितपणे मिळतात. त्यांचा संयुक्त परिणाम एकेका शुद्ध घटकाने साधतोच असे नाही. फुलझाडांबाहेरही हे दिसते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बांबूची रोपे काचपात्रातच फुलल्याचा जो प्रयोग १९९० मध्ये गाजला, त्याच्या माध्यमातही नारळपाणी होते.

निष्कर्ष

या पूरकांची मर्यादा त्यांच्या गुणातच दडलेली आहे. नारळाची जात, पक्वता व साठवण यांनुसार पाण्याची रचना बदलते, केळ्याचेही तसेच. त्यामुळे केवळ ‘नारळपाणी १५ टक्के’ एवढी नोंद असलेला प्रयोग दुसऱ्या प्रयोगशाळेत तंतोतंत करून पाहणे कठीण जाते. आपल्या महाविद्यालयांत मर्यादित निधीत काम करताना या पदार्थांचा आधार घेणे योग्यच आहे. मात्र फळाची जात, पक्वता, गाळण व निर्जंतुकीकरणाची पद्धत यांची नोंद, तसेच पूरकविरहित नियंत्रण संच, यांना प्रकल्पात स्थान हवे. नियंत्रण संचातील क्षार व शर्करा अर्काइतकी ठेवल्याशिवाय वाढीचे श्रेय संजीवकांना देणे घाईचे होईल, हे तंबाखूच्या अर्काने दाखवून दिले आहे. पूरकामुळे वाढ झाली, या निरीक्षणाशी व्हाइट, लेथम, मुराशिगे व स्कूग यांपैकी कोणीही थांबले नाही. त्यांचे संशोधन तेथूनच सुरू झाले. पदव्युत्तर प्रकल्पांनीही हीच दिशा धरणे इष्ट ठरेल.