डिस्ट्रिक्ट टू, न्यूयॉर्क : एका शालेय जिल्ह्याची दूरदृष्टी

डिस्ट्रिक्ट टू : न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागातील एक शालेय जिल्हा. अधीक्षक अँथनी अल्वाराडो यांनी १९८७ ते १९९८ या काळात येथे राबवलेले धोरण अमेरिकेतील शिक्षण-प्रशासनाच्या अभ्यासकांमध्ये विशेष गाजले. शालेय जिल्ह्याच्या प्रमुखाने दूरचा पल्ला कसा ठरवावा, या चर्चेत आजही त्याचा दाखला दिला जातो.

न्यूयॉर्कचा शालेय जिल्हा हा महसुली जिल्हा नव्हे. १९६९च्या विकेंद्रीकरण कायद्यानंतर शहरातील सरकारी शाळांची वाटणी झाली आणि पुढे असे ३२ जिल्हे झाले. प्रत्येक जिल्ह्याला निवडून आलेले मंडळ आणि एक अधीक्षक असे. त्यांच्याकडे साधारण आठवीपर्यंतच्या शाळांचा कारभार होता. वरच्या वर्गांच्या शाळा शहराच्या मध्यवर्ती मंडळाने स्वतःकडेच ठेवल्या. अनेक मंडळांत वशिल्याच्या नेमणुका चालत, ही तक्रार जुनी होती.

अल्वाराडो नवखे नव्हते. १९७३पासून दशकभर त्यांनी ईस्ट हार्लेममधील डिस्ट्रिक्ट फोर सांभाळला होता. तेथे उत्साही शिक्षकांना छोट्या, स्वतंत्र वळणाच्या शाळा काढू द्याव्यात, हा त्यांचा मार्ग होता. डेबोरा मायर यांची सेंट्रल पार्क ईस्ट ही शाळा त्यातूनच १९७४मध्ये उभी राहिली. १९८३मध्ये ते साऱ्या शहराच्या शाळांचे प्रमुख झाले. पण हाताखालच्या कर्मचाऱ्यांकडून उसने पैसे घेतल्याच्या प्रकरणात पुढच्याच वर्षी त्यांना पद सोडावे लागले. डिस्ट्रिक्ट टू ही त्यांची दुसरी संधी होती.

या जिल्ह्यात अपर ईस्ट साइडची श्रीमंत वस्ती होती, तसेच चायनाटाउनही होते. विद्यार्थी सुमारे २२ हजार; त्यांतील जवळपास निम्मे गरीब कुटुंबांतले, आणि कित्येकांच्या घरची भाषा इंग्रजी नव्हती. या वेळी अल्वाराडोंनी डिस्ट्रिक्ट फोरचा मार्ग बाजूला ठेवला. काही शाळा चमकतात आणि बाकीच्या जिथल्या तिथे राहतात, हे त्यांनी पाहिले होते. आता प्रत्येक शाळेतला प्रत्येक वर्ग सुधारायचा आणि त्यासाठी आधी एकच विषय धरायचा, असे ठरले. तो विषय वाचन-लेखन. गणिताची पाळी काही वर्षांनी आली.

ही दूरदृष्टी जाडजूड ‘व्हिजन डॉक्युमेंट’मध्ये शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. ती तीन ठिकाणी दिसते : साहेबाचा वेळ कुठे जातो, पैसा कुठे जातो आणि मुख्याध्यापक म्हणून कोणाला नेमले जाते. प्रत्येक मुख्याध्यापक वर्षाची उद्दिष्टे आणि आराखडा लिहून देई. मग अधीक्षक किंवा उपअधीक्षक एलेन फिंक शाळेत येत आणि मुख्याध्यापकांना बरोबर घेऊन वर्गावर्गांत फिरत. दप्तरतपासणीची ही फेरी नव्हती. मुले काय वाचताहेत, अडखळणाऱ्या मुलाशी बाई काय बोलतात, कोणत्या शिक्षकाला कसली मदत लागेल, यावर नंतर बंद दाराआड बोलणे होई आणि ठरलेल्या गोष्टी पत्राने कळवल्या जात. पुढच्या फेरीत ते पत्रच पुढ्यात असे. मुख्याध्यापकांच्या मासिक बैठकांतही परिपत्रकांपेक्षा अध्यापनाचाच विषय अधिक असे.

शिक्षकांसाठीची सोय अधिक कल्पक होती. एखादा शिक्षक तीन आठवडे आपला वर्ग सोडून मुरलेल्या सहकाऱ्याच्या वर्गात बसे, पाहे, हाताखाली शिकवूनही बघे. त्याच्या मुलांना तेवढे दिवस तयारीचा बदली शिक्षक मिळे. हॉटेलच्या सभागृहातल्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणापेक्षा हे महाग पडते. तरीही जिल्ह्याच्या अंदाजपत्रकातला सुमारे तीन टक्के भाग शिक्षकांच्या शिकण्यावर जाऊ लागला.

याला कठोर बाजूही होती. पहिल्या चार वर्षांत सुमारे दोन तृतीयांश मुख्याध्यापक बदलले गेले. ‘सर्वांना सोबत घेऊन’ या नेहमीच्या भाषेत हे बसत नाही. मात्र अल्वाराडोंना अकरा वर्षे मिळाली, ही गोष्ट बदलीच्या आदेशाची टांगती तलवार घेऊन काम करणाऱ्या आपल्याकडच्या शिक्षणाधिकाऱ्याला सर्वांत आधी जाणवेल.

वाचनात १९८७मध्ये दहाव्या क्रमांकावर असलेला हा जिल्हा १९९६पर्यंत ३२ जिल्ह्यांत दुसरा आला. हार्वर्डचे रिचर्ड एल्मोर यांनी डिअॅना बर्नी यांच्यासह त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि डिस्ट्रिक्ट टूचे नाव देशभर झाले. यशाचे श्रेय किती कोणाला, हा वाद मात्र मिटला नाही. त्याच काळात मॅनहॅटनच्या या भागात सधन कुटुंबांची वस्ती वाढत होती, याकडे शिक्षण-इतिहासकार डायन रॅव्हिच यांनी बोट दाखवले. नव्या गणित-अभ्यासक्रमावर काही पालक आणि गणितज्ञ चांगलेच संतापले. हे आक्षेप दखल घ्यावी असेच आहेत. पण शिक्षकाच्या शिकण्यावर सातत्याने खर्च करण्याचा मुद्दा त्यांनी बाद होत नाही.

१९९८मध्ये अल्वाराडो सॅन डिएगोला गेले. तेथील अधीक्षक अॅलन बर्सिन पूर्वी सरकारी वकील होते. अध्यापनाची बाजू अल्वाराडोंकडे आली. सॅन डिएगोचा शालेय जिल्हा डिस्ट्रिक्ट टूच्या सहापटीहून मोठा होता आणि शिक्षक संघटना तगडी. न्यूयॉर्कमध्ये वर्षानुवर्षे मुरलेले धोरण येथे दोन-तीन वर्षांत, वरून आदेश देऊन बसवायचा प्रयत्न झाला. १९९९च्या उन्हाळ्यात १५ मुख्याध्यापक व उपमुख्याध्यापकांना एकदम पदावरून काढले गेले. २०००मध्ये सुधारणेचा आराखडा शाळामंडळात तीन विरुद्ध दोन मतांनी मंजूर झाला. एका मताच्या आधारावर शिक्षकांचे मन वळत नसते. संघटनेशी वैर वाढत गेले आणि २००३पर्यंत अल्वाराडो तेथून बाहेर पडले.

न्यूयॉर्कमध्ये २००२च्या कायद्याने शाळा महापौरांच्या ताब्यात गेल्या आणि स्थानिक मंडळांचे दिवस संपले. पुढच्याच वर्षी डिस्ट्रिक्ट टूच्या धाटणीची वाचनपद्धती जवळपास साऱ्या शहरात सक्तीची झाली. अक्षर-ध्वनींच्या पद्धतशीर शिक्षणाला ती पुरेसे महत्त्व देत नाही, अशी टीका होत राहिली. अखेर २०२३मध्ये शहराने तिच्याकडे पाठ फिरवून अक्षर-ध्वनींवर भर देणारे वाचन-अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने लागू करायला घेतले.