हातोहात फिरणारे स्मारक

कारखान्याचे दार ओलांडलेल्या माणसाला बिल्ला म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. पितळेची किंवा पत्र्याची चकती, तीवर एक आकडा. आकडा पुकारला की माणूस आत जातो. कामगार चळवळीत आमचे आयुष्य गेले, आणि या बिल्ल्याशी आमचे वैरच राहिले. कारण आकडा आला की नाव गळते, आणि नाव गळले की हक्क मागावयास तोंड उरत नाही. म्हणून माणसाचे नाव वाहून नेणाऱ्या एका बिल्ल्याची हकीकत वाचनात आली तेव्हा आम्हास नवल वाटले. तिचाच धागा धरून आमच्या वैमानिक स्त्रियांच्या इतिहासाकडे वळावयाचे आहे.

ती हकीकत अशी. उपग्रहांच्या साहाय्याने पृथ्वीवरील ठिकाण सांगणारी जी अमेरिकी व्यवस्था आहे, तिच्या नागरी वापरात मुद्दाम ठेवलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली. लगोलग, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थाने ऑरेगन राज्यातील रानात एक बादली लपवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. यातून जिओकॅशिंग हा शोधाचा खेळ निघाला व जगभर पसरला. पुढे अशा लपवलेल्या डब्यांतून क्रमांक कोरलेले धातूचे बिल्ले फिरू लागले. सापडलेला बिल्ला खिशात ठेवावयाचा नसतो. तो पुढच्या डब्यात नेऊन ठेवावयाचा आणि त्याच्या क्रमांकाखाली प्रवासाची नोंद करावयाची. बिल्ला सोडणाऱ्याने तो कोणाच्याही स्मरणार्थ सोडावा. एखाद्या आद्य वैमानिक स्त्रीच्या नावे असा बिल्ला निघाला, तर आकाशात फिरलेल्या बाईचे स्मारक चौकात खिळून न राहता हातोहात फिरत राहते. कल्पना नामी आहे, यात शंका नाही.

आता असा बिल्ला गोंदियाहून सोडावयाचा झाल्यास त्यावर नाव कोणाचे असावे? अमेलिया इअरहार्ट जून १९३७ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणेच्या वाटेवर कराची व कलकत्ता येथे उतरली होती. पुढच्याच महिन्यात ती पॅसिफिक महासागरावर नाहीशी झाली. तिचे नाव जगाला ठाऊक आहे. आमच्याकडील नावे मात्र आम्हालाच ठाऊक नाहीत.

सरला ठकराल यांचा जन्म १९१४ चा. १९३६ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी साडी नेसून जिप्सी मॉथ विमान एकटीने उडवले; त्या वेळी घरी चार वर्षांची मुलगी होती. १९३९ मध्ये वैमानिक पतीचा विमान अपघातात अंत झाला. तरीही व्यावसायिक परवाना मिळवावा म्हणून त्या जोधपूरला गेल्या. तोच महायुद्ध पेटले आणि नागरी प्रशिक्षण बंद पडले. त्या लाहोरला परतल्या, चित्रकला शिकल्या, आणि पुढे कापड व दागिन्यांचे नमुने करून त्यांनी आपला संसार उभा केला. त्यांना धैर्य कमी पडले असे कोण म्हणेल? दार बंद झाले, एवढेच.

ते दार प्रेम माथूर यांनी ठोठावले. १९४७ मध्ये त्यांनी व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवला. आठ विमान कंपन्यांनी त्यांना नकार दिला. अखेर हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने सहवैमानिक म्हणून घेतले. १९४९ मध्ये राष्ट्रीय विमानशर्यत त्यांनी जिंकली. परवाना हाती असूनही काम नाही, ही गोष्ट आम्हा कामगारांना नवी नाही. पण आठ नकारांनंतर नवव्या दाराशी जाणे, याला आम्ही लढा म्हणतो.

आणि मग आपल्या मराठी सौदामिनी देशमुख. नोव्हेंबर १९८५ मध्ये कलकत्त्याहून सिल्चरला गेलेल्या फॉकर फ्रेंडशिप विमानाच्या त्या कप्तान होत्या आणि निवेदिता भसीन सहवैमानिक. त्या विमानातील सर्व कर्मचारी स्त्रिया होत्या. सुमारे अडतीस वर्षांपूर्वी एका बाईस नकार देणाऱ्या क्षेत्रात ही घटना घडली. आज भारतातील वैमानिकांत स्त्रियांचे प्रमाण जगाच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक आहे.

गोंदियाकरांना हे आकाश दूरचे नाही. बिरसीची धावपट्टी इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली; या शतकात तेथे वैमानिकांचे प्रशिक्षण सुरू झाले. शिकाऊ विमाने आमच्या वस्त्यांवरून घिरट्या घालतात, आणि खाली अंगणात मांडीवर सूप घेऊन बाया विड्या वळीत असतात. विडी कामगारांची ओळखपत्रे वाटताना अशाच एका बाईने वर पाहून आम्हास विचारले, "भाऊ, त्यात पोरी बी बसतात का?" आम्ही म्हटले, "बसतात, बाई." तिने विचारले, "आपल्यातल्या?" आम्ही उत्तर दिले नाही. हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीत आणि वैमानिकाच्या शिक्षणाला लागणाऱ्या लाखो रुपयांत जे अंतर आहे, ते सांगावयास आम्हास शब्द सापडेना.

या आकाशाने किंमतही वसूल केली आहे. २६ एप्रिल २०१७ रोजी बिरसीहून निघालेले शिकाऊ विमान वैनगंगेवरील तारेला अडकून कोसळले. १८ मार्च २०२३ रोजी दुसरे बालाघाट जिल्ह्याच्या डोंगरात पडले. दोन्ही वेळा शिक्षकाबरोबर एक विद्यार्थिनी गेली. त्या 'पहिल्या' नव्हत्या, म्हणून इतिहास त्यांची दखल घेणार नाही. परंतु पहिली गेली म्हणून दार उघडले असे होत नाही; दुसरी, दहावी, शंभरावी त्यातून जाते तेव्हाच ते उघडे राहते. संपाचेही असेच असते. पहिला हात उंचावणाऱ्याचे नाव राहते, पण संप टिकतो तो नावे न राहिलेल्या हातांमुळे.

म्हणून आमचे मागणे असे की, गोंदियाच्या बिल्ल्यावर सरलाबाई, प्रेमबाई, सौदामिनीबाई यांची नावे अवश्य असावीत, पण खाली थोडी जागा मोकळी ठेवावी. तो बिल्ला हातोहात फिरून कधीतरी परत येईल. तोवर विडी वळणाऱ्या त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर त्या मोकळ्या जागेवर लिहिता यावे, एवढे काम आपण सर्वांनी करून ठेवावयाचे आहे.