लाल खोलीपासून लाल मुखवट्यापर्यंत

१/ चेहऱ्यावर लाल दिव्यांचा मुखवटा चढवून बसलेली माणसे आज मोबाइलच्या पडद्यावर रोज दिसतात. सुरकुत्या, मुरुमे, केसगळती, सांधेदुखी या सर्वांवर एकच उपकरण! मात्र वैद्यकातील लाल प्रकाशाचा इतिहास सव्वाशे वर्षांहून जुना आहे, आणि त्याच्या मुळाशी आहे देवीचा रोग. 🧵

२/ देवीच्या रुग्णाला लाल वस्त्रांत ठेवण्याची प्रथा युरोपात चौदाव्या शतकापासून होती. इंग्लंडच्या एका राजपुत्रावरही हा उपाय झाला होता. १८९३ मध्ये डेन्मार्कचे तरुण डॉक्टर नील्स फिन्सेन यांनी या प्रथेला शास्त्रीय अर्थ देण्याचा प्रयत्न केला.

३/ त्यांचा तर्क असा : सूर्यप्रकाशातील निळे, जांभळे आणि अतिनील किरण त्वचेचा दाह वाढवतात. म्हणून छायाचित्रकार काचेला जपतो, तसे रुग्णाला जपावे. खिडक्यांना लाल पडदे लावावेत, म्हणजे फोड पिकणार नाहीत आणि वण राहणार नाहीत.

४/ येथेच या कथेतील विसंगती आहे. फिन्सेन यांनी लाल रंग निवडला तो औषधी म्हणून नव्हे, तर निरुपद्रवी म्हणून! त्यांच्या दृष्टीने लाल खोली म्हणजे केवळ त्रासदायक किरणांपासून आडोसा होता.

५/ पुढे त्यांनी उलट प्रश्न विचारला : जे किरण त्वचा भाजतात, ते रोगही जाळतील काय? १८९५ पासून त्यांनी त्वचेच्या क्षयावर प्रखर विद्युतदीपाचे किरण वापरले. उष्णता कमी करण्यासाठी पाण्याने थंड केलेली स्फटिकाची भिंगे होती. ती त्वचेवर दाबून परिचारिका तासभर बसत. विद्रूप झालेले चेहरे सावरू लागले.

६/ १९०३ मध्ये फिन्सेन यांना या कार्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. दीर्घ आजाराने पुढच्याच वर्षी, वयाच्या ४३व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याच १९०४ साली लंडनच्या डॉक्टरांनी देवीच्या रुग्णांवर लाल खोलीची परीक्षा घेतली. लाभ दिसला नाही. एकाच संशोधकाची एक कल्पना कसोटीला उतरली, दुसरी उतरली नाही.

७/ प्रकाशाला प्रतिष्ठा मिळाली, तशी बाजारपेठही मिळाली. मुंबईत १८७३ मध्ये जन्मलेले दिनशाह घडियाली अमेरिकेत स्थायिक झाले. १९२० च्या सुमारास त्यांनी ‘स्पेक्ट्रो-क्रोम’ हे यंत्र आणले : एक प्रखर दिवा आणि त्यापुढे रंगीत काचा. घरबसल्या रंग अंगावर घ्यायचा आणि मधुमेह, क्षय यांसारखे रोगही घालवायचे, असा दावा होता.

८/ १९३१ मध्ये ते एका खटल्यातून निर्दोष सुटले. मात्र १९३८ च्या कायद्याने अमेरिकेत वैद्यकीय उपकरणेही सरकारी देखरेखीखाली आली. १९४७ मध्ये न्यू जर्सीतील न्यायालयाने त्यांना दोषी ठरवून २०,००० डॉलर दंड केला. ‘बरे झाले’ म्हणून ज्यांची उदाहरणे दिली जात, त्यांतील काही जण त्याच आजाराने दगावले होते.

९/ लाल प्रकाश पुन्हा चर्चेत आला तो १९६७ मध्ये, बुडापेस्टला. लेझरने कर्करोग होतो का, हे पाहण्यासाठी एंद्रे मेस्तर यांनी उंदरांचे केस काढून त्वचेवर मंद लाल लेझर सोडला. कर्करोग झाला नाही. उलट केस लवकर उगवले. निरुपद्रवी समजलेला रंग आता क्रियाशील ठरला.

१०/ घरगुती मुखवट्यांची वंशावळ येथून सुरू होते. २००७ मध्ये केसांसाठीच्या लेझर कंगव्याला अमेरिकेत विक्रीची मुभा मिळाली. अशी मुभा बहुधा आधीच्या उपकरणांशी साधर्म्य पाहून दिली जाते. ती प्रत्येक जाहिरातीवरची मोहोर नव्हे. परिणामही तरंगलांबी, तीव्रता, अंतर आणि वेळ यांवर ठरतो. नुसते ‘लाल’ असणे पुरेसे नाही.

११/ फिन्सेन आणि घडियाली, दोघांच्याही हाती दिवाच होता. एकाने एक रोग निवडला आणि रुग्णांचे चेहरे साक्षीला ठेवले. दुसऱ्याने सर्व रोगांचे आश्वासन विकले. नव्या लाल दिव्यापुढेही इतिहासाचा प्रश्न तोच राहतो : नेमका कोणता रोग, किती प्रकाश, आणि पुरावा कोणता?