पाचवीची रात्र

गोदाकाठी, आमच्या गंगाखेड-पालमकडे, बाळंतिणीच्या खोलीत पाचव्या रात्री दिवा विझू देत नाहीत. पाटा-वरवंटा मांडून हळदकुंकू वाहायचं, शेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. रात्री सटवाई येते, बाळाच्या कपाळी त्याचं नशीब लिहून जाते. तिचं लिहिलेलं ब्रह्मदेवालाही टळत नाही, असं म्हाताऱ्या सांगतात.

ही सटवी म्हणजे षष्ठी, जन्मानंतरच्या सहाव्या दिवसाची देवी. सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या ‘कादंबरी’तल्या सूतिकागृहातही ती आहे. सटवाजी, सटवाबाई ही माणसांची नावं तिच्यावरूनच.

पण नशीब लिहायला नेमकी पाचवी-सहावीचीच रात्र का? गावोगावच्या बाळंतिणी पाहण्यात माझी सगळी नोकरी गेली, म्हणून मला याचं उत्तर नाळेत दिसतं. पूर्वी सुईण घरातल्या विळ्यानं नाळ कापायची, जखमेवर राख किंवा शेण लावलं जायचं. त्यातून धनुर्वाताचे जंतू शिरत. पहिले दोन दिवस बाळ छान दूध ओढायचं. मग चौथ्या-पाचव्या दिवसापासून, कधी आठवड्यानं, जबडा आवळायचा, अंग धनुष्यासारखं ताठायचं. तेव्हा त्याच्यावर इलाज नव्हता. पाचवी-सहावीला आया जागत, त्या याच भीतीनं, असं मला ठाम वाटतं. कपाळीचा लेख आधी फक्त जगण्या-मरण्याचा असणार. शिक्षण, लग्न, पैसा त्यात मागाहून आला.

तो लेख बदलला. १९८५ साली सार्वत्रिक लसीकरण सुरू झालं, त्यात गरोदर बायकांना धनुर्वाताचं इंजेक्शन होतं. नाळेसाठी नवं ब्लेड आणि स्वच्छ दोरा आला, बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातून माता आणि नवजातांच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं मान्य केलं. लेख टळत नाही, हे मला तसंही कधी पटलं नाही. संत जनाबाई याच गंगाखेडची. लहानपणीच पंढरपूरला दामाशेटींच्या घरी कामाला गेलेली ही पोर. तिचे अभंग सातशे वर्षं लोकांच्या तोंडी आहेत.

पाचवी मी कुणाला बंद करायला लावली नाही. आजीबाईंना एवढंच सांगायचे, ‘रातभर जागताच आहात, तर बाळ दूध ओढतंय का ते बघत राहा. नाळेला काही लावू नका. आन् दूध सोडलं तर सकाळची वाट बघू नका, तसंच दवाखान्यात घेऊन या.’