मुक्कामाची वही

घरी अनोळखी माणसाला मुक्कामाला ठेवायचं तर त्याची माहिती सरकारला द्यायची, हा नियम एअरबीएनबीमुळे आलेला नाही. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त नगराच्या कारभाराचं प्रकरण आहे. धर्मशाळा चालवणाऱ्याने वाटसरूची खबर आधी अधिकाऱ्याला द्यावी, मग त्याला ठेवून घ्यावं, असं तिथे सांगितलं आहे. साध्या घरमालकानेही कोण आलं, कोण गेलं ते कळवायचं. कळवलं नाही आणि रात्री काही विपरीत घडलं, तर दोष त्याच्या माथी. काही घडलं नाही, तरी तीन पण दंड!

इंग्रजांचा सराई कायदा 1867 सालचा. सराईची नोंदणी जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे, त्याने मागितला तर मुक्कामाचा अहवाल आणि कसूर केल्यास वीस रुपयांपर्यंत दंड. एवढंच वाचलं तर तो पाळत ठेवण्याचा कायदा वाटतो. पण पुढे मालकाची कर्तव्यं येतात: खोल्या आणि विहिरी स्वच्छ ठेवा, भिंती-छप्पर दुरुस्त करा, माणसांच्या आणि जनावरांच्या रक्षणासाठी पहारेकरी नेमा, दरपत्रक लावा. म्हणजे वहीच्या बदल्यात वाटसरूलाही काही मिळत होतं.

हे सगळं मी वाचायला घेतलं, कारण पुणे-सातारा महामार्गालगतच्या आमच्या वरवे बुद्रुकच्या घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायचं घाटतंय. अर्ज ऑनलाइन, म्हणून काम माझ्याकडे. आई म्हणाली, “दारात आलेल्याला पाणी द्यायच्या आधी आधार कार्ड मागायचं का रे?”

प्रश्न साधा नाही. आपल्याकडे पाहुणा म्हणजे कोणाचा तरी कोणीतरी. त्याची ओळख नात्यातूनच पटते. पैसे देऊन येणाऱ्याला ती ओळख नसते, म्हणून वही लागते. गोव्याने 1982 मध्येच पर्यटन व्यवसायाच्या नोंदणीचा कायदा केला. केंद्राच्या निवास-न्याहारी योजनेत खोल्या एक ते सहा, आणि मालकाने सहकुटुंब त्याच घरात राहायचं, अशी अट आहे.

मला ही अट सगळ्यात शहाणपणाची वाटते. शहरात बंद फ्लॅटची किल्ली कुलूपपेटीत ठेवणारा मालक वही भरेलही, पण रात्री पाहुण्याला ताप आला तर दार कोणाचं वाजवायचं? सराई कायद्यातला पहारेकरी इथे घरातच झोपलेला असतो. परवाना देताना नोंदवहीबरोबर हेही तपासायला हवं.