कृषिपंपाच्या वीजपुरवठ्यातील दोष

शेतीच्या थ्री फेज पंपाला तिन्ही फेजचा, समतोल व पुरेशा दाबाचा वीजपुरवठा न मिळणे, यास कृषिपंपाच्या वीजपुरवठ्यातील दोष म्हणतात. अशा दोषांमुळे मोटर सुरू होत नाही, वारंवार बंद पडते किंवा तिचे वाइंडिंग जळते.

पार्श्वभूमी

नाशिक जिल्ह्यातील देवळा तालुका कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यात येतो. येथील उन्हाळ कांदा व डाळिंब ही पिके मोठ्या प्रमाणावर विहिरींच्या पाण्यावर अवलंबून आहेत. मोटर जळाल्यास ती विहिरीतून काढून पुन्हा भरून घेईपर्यंत पिकाच्या पाण्याच्या पाळ्या चुकतात.

महावितरणच्या ११ किलोव्होल्ट वाहिनीवरील वीज रोहित्रात (बोलीभाषेत ‘डीपी’) सुमारे ४३३ व्होल्टवर उतरवून पंपांना दिली जाते. एका रोहित्रावर अनेक पंप असल्याने वाहिनीच्या टोकाकडील शेतकऱ्यास सर्वांत कमी दाब मिळतो.

प्रमुख दोष

* फेज जाणे : डीपीवरील फ्यूज उडाल्यास किंवा जोड सैल झाल्यास एक फेज तुटतो. थांबलेली मोटर केवळ गुणगुणते. चालू असलेली मोटर फिरत राहते, परंतु उरलेल्या दोन फेजांमधील प्रवाह सुमारे १.७३ पट होतो. ५ अश्वशक्तीच्या मोटरीचा ७.५ अँपिअरचा प्रवाह त्यामुळे १३ अँपिअरपर्यंत जातो.
* कमी दाब : मोटरीचा पीळ दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. दाब २० टक्क्यांनी घटल्यास पीळ ६४ टक्केच उरतो.
* फेज उलटणे : दुरुस्तीनंतर फेजांचा क्रम बदलल्यास मोटर उलटी फिरते व पाणी फारच कमी येते. दोन फेजांच्या तारांची अदलाबदल केल्यास दिशा पूर्ववत होते.

निदान

स्टार्टर पडल्यावर तो पुन्हापुन्हा दाबण्यापूर्वी प्रत्येक दोन फेजांमधील दाब मोजला जातो. ही तपासणी मोटर बंद असताना करतात, कारण फिरणारी मोटर तुटलेल्या फेजवर स्वतःच दाब निर्माण करते आणि मीटरवर तिन्ही फेज असल्याचा भास होतो. चालू मोटरीसाठी क्लॅम्प मीटरने तिन्ही तारांमधील प्रवाह मोजणे अधिक विश्वसनीय असते. येणारा पुरवठा योग्य असूनही प्रवाह असमान असल्यास स्टार्टरचे संपर्कबिंदू, केबलचे जोड व शेवटी वाइंडिंग तपासले जाते.

संरक्षण व सुरक्षितता

सिंगल फेज प्रिव्हेंटर फेज जाताच मोटर बंद करतो, तर ओव्हरलोड रिले जादा प्रवाहापासून संरक्षण देतो. योग्य क्षमतेचा कपॅसिटर बसविल्यास वाहिनीवरील प्रवाह घटून दाब सुधारतो. याउलट, सर्व पंपांना ऑटोस्विच असल्यास वीज येताच ते एकाच वेळी सुरू होतात. सुरुवातीचा प्रवाह नेहमीच्या कित्येक पट असल्याने रोहित्रावर ताण येऊन फ्यूज उडतात किंवा रोहित्रच जळते.

स्टार्टरची पेटी व मोटर यांना अर्थिंग नसल्यास ओल्या जमिनीवर प्राणघातक धक्का बसू शकतो. डीपीवरील फ्यूज स्वतः बसविणे जीवघेणे असून ते काम महावितरणच्या कर्मचाऱ्यांचे आहे. तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक उपलब्ध आहे.